खंड पडला म्हणून मूल कोरं होत नाही

घरी शिकणाऱ्या मुलांच्या आईबापांना लांबलेल्या सुट्टीनंतर एक ठरलेला उपदेश ऐकावा लागतो. तो नातेवाईक देतात, शिकवणीवाले देतात आणि स्वतः होमस्कूलिंग करणारे काही अनुभवी पालकही देतात. उपदेशाची कलमं तीन. इतके दिवस पुस्तक मिटलेलं होतं, तेव्हा मूल सगळं विसरलेलं असणार, हे पहिलं. म्हणून पहिल्याच दिवशी चाचणी घ्या आणि ते कुठवर घसरलं ते बघा, हे दुसरं. दुसऱ्या दिवसापासून पूर्ण वेळापत्रक लावा, राहिलेला अभ्यासक्रम भरून काढा, ढील दिलीत तर पोरगं हातचं जाईल, हे तिसरं.

ही तिन्ही कलमं चुकीची आहेत असं माझं म्हणणं आहे, आणि ती का चुकीची हे एकेक करून सांगायचं आहे. या उपदेशाला विटून जे दुसऱ्या टोकाला गेले, मूल आपसूक शिकेल म्हणून हात झटकून बसले, त्यांच्याशीही माझा वाद आहे. तो पुढे येईलच.

मी हे मुकुटबनमधून लिहितो आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातलं, तेलंगणाच्या सीमेजवळचं हे गाव. भोवताली कापूस, सोयाबीन, तूर, आसपास कोळसा, आणि २०२२ पासून सिमेंटचा मोठा कारखाना. सीतादहीची पूजा करून कापसाची वेचणी सुरू झाली की इथल्या शेतकरी घरात दुसरा विषय निघत नाही. पहिला वेचा, दुसरा वेचा करत काम संक्रांतीपर्यंत लांबतं. मग तूर आणि हरभरा. ते उरकतं तोवर ऊन तापायला लागतं. या उन्हापुढे शासनही नमतं. २०२५ साली उर्वरित राज्यातल्या शाळा १६ जूनला उघडल्या, विदर्भातल्या २३ जूनला. जिथे सरकारी शाळेचं वर्षच आठवडाभर मागे सरकतं, तिथे घरी शिकवणाऱ्यांना ‘एक दिवसही खंड पडू देऊ नका’ असं पुण्या-मुंबईत बसून सांगणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे. खंड पडणारच. परत कसं यायचं, एवढाच प्रश्न उरतो.

आता पहिलं कलम. मूल सगळं विसरतं.

हे म्हणणाऱ्यांकडे आकडे नाहीत असं नाही. अझीम प्रेमजी विद्यापीठाने फेब्रुवारी २०२१ मध्ये पाच राज्यांतल्या १६,०६७ मुलांच्या पाहणीचा अहवाल काढला. टाळेबंदीच्या वर्षात ९२ टक्के मुलांनी आधी येत असलेली भाषेतली निदान एक क्षमता गमावली होती आणि ८२ टक्के मुलांनी गणितातली. त्यापूर्वी, १९९६ साली, अमेरिकेत हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उन्हाळी सुट्टीवरच्या ३९ अभ्यासांची एकत्र छाननी केली होती. सरासरीने सुमारे महिनाभराचं शिक्षण मागे पडतं, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. विसरणं खरं आहे. ते मी नाकारत नाही.

पण या आकड्यांमधून ‘सगळं’ हा शब्द कुठून आला? पाहणीत ‘निदान एक क्षमता’ असं आहे. कूपर यांच्या छाननीत सर्वांत जास्त घसरण आकडेमोडीत आणि स्पेलिंगमध्ये दिसते, म्हणजे जे सरावावर टिकतं त्यात. वाचलेलं समजणं, गोष्टीचा धागा धरणं, प्रश्न विचारणं या गोष्टी इतक्या सहज जात नाहीत. आणि जे गेलं ते कायमचं जातं का? हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ सालीच याचा छडा लावला. निरर्थक अक्षरसमूह तो स्वतः पाठ करायचा, काही काळ जाऊ द्यायचा आणि पुन्हा पाठ करायचा. आठवेनासं झालेलंसुद्धा दुसऱ्यांदा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, हे त्याने मोजून दाखवलं. विसरलेल्या गोष्टीची खूण आत राहते. मुलाला पुन्हा शिकवायचं म्हणजे पाटी धुऊन श्रीगणेशा करायचा असं नव्हे. उजळणी आणि नव्याने शिकणं यांत वेळेचा मोठा फरक आहे.

आपल्या देशातला पुरावाही हेच सांगतो. ग्रामीण भागातल्या ‘असर’ पाहणीत २०२२ साली तिसरीतल्या फक्त २०.५ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता; २०१८ साली हेच प्रमाण २७.३ टक्के होतं. त्या आकड्यावरून ‘एक पिढी वाया गेली’ असे मथळे झाले. २०२२ ची तिसरी २०२४ साली पाचवीत गेली. तेव्हाच्या पाहणीत पाचवीतल्या ४८.८ टक्के मुलांना तो मजकूर वाचता आला. करोनाआधी, २०१८ साली, पाचवीचं प्रमाण ५०.५ टक्के होतं. दोन्ही वर्षी पाहिलेली मुलं तीच नव्हेत, पण त्याच वयोगटातली आहेत. ४८.८ हा आकडा काही मिरवण्यासारखा नाही; पाचवीतल्या निम्म्या मुलांना दुसरीचं वाचता येत नाही ही लाजेचीच गोष्ट आहे. पण दीड-दोन वर्षांच्या खंडाने पडलेली तफावत दोन वर्षांत जवळपास भरून आली, हे त्यातून दिसतं. मग तीन महिन्यांच्या वेचणीनंतर घरात सुतक का पाळायचं?

माझ्या ओळखीच्या एका शेतकरी घरात दहा वर्षांची मुलगी घरीच शिकते. दिवाळीपासून तिची पुस्तकं बंद होती. संक्रांतीनंतर एका सकाळी बापाने सुरुवात पाढ्यांनी केली. “सतरा सक?” मुलगी अडकली. पुढचा प्रश्न, पुन्हा अडकली. बाप म्हणाला, “झालं. वाहून गेलं सगळं.” आजी चुलीपाशी होती. ती म्हणाली, “आधी जेवू दे ना लेकराले, काऊन घाई करतं?”

याच मुलीने सगळ्या वेचणीभर संध्याकाळी धुऱ्यावर उभं राहून वेचणाऱ्या बायांची वही लिहिली होती. काट्यावर गाठोडं चढायचं, ती नावापुढे किलो लिहायची. दर आठवड्याला प्रत्येकीची बेरीज आणि किलोमागच्या दराने होणारा चुकारा तीच काढायची. दुपारी बापाने तीच वही तिच्यापुढे टाकली. एका गाडीचा वहीत नोंदलेला कापूस ४१२ किलो, व्यापाऱ्याच्या काट्यावर भरला ४०५. तूट किती? तिने उभी मांडणी केली. दोनातून पाच जाईनात तेव्हा पेन्सिल क्षणभर थांबली. मग तिने शेजारून हातचा घेतला आणि सात लिहून मोकळी झाली. हातच्याची वजाबाकी तिला कुणी पुन्हा शिकवली नव्हती. बापाने मग वेचणीबद्दल पाच वाक्यं लिहायला सांगितली. दीड वाक्य झालं. त्यातही काना-मात्रा गळलेल्या आणि बोटं दुखायला लागली म्हणून हात झटकणं चालू.

त्या घरात सकाळच्या प्रश्नाने काय कळलं आणि दुपारच्या वहीने काय कळलं, याची तुलना करा. सकाळी कळलं की मुलीला काही येत नाही. दुपारी कळलं की बेरीज, गुणाकार आणि हातचा शाबूत आहे, पाढ्यांना गंज चढला आहे आणि लेखन खरोखर मागे गेलं आहे. उपयोगाची माहिती दुसरी.

इथूनच दुसऱ्या कलमाचं उत्तर मिळतं. पहिल्या दिवशी चाचणी घ्या, म्हणजे मूल कुठे आहे ते कळेल, असं म्हणतात. कळत नाही. पहिल्या दिवशीच्या चाचणीत सराव सुटलेला असणं आणि न समजणं हे दोन्ही एकाच चुकीच्या रूपात दिसतात. तीन महिने न उच्चारलेला पाढा आणि कधीच न कळलेला पाढा, दोन्हीला शून्य गुण. दोन आठवडे रोज थोडी उजळणी झाली की सराव सुटल्यामुळे होणाऱ्या चुका आपोआप गळतात, आणि ज्या उरतात त्या खऱ्या अडचणी असतात. तपासणी करायचीच असेल तर ती तेव्हा करा.

ती कशी करावी याचा नमुना ‘असर’च्याच वाचनपत्रिकेत आहे. मुलाला आधी सोपा परिच्छेद वाचायला देतात. तो सहज वाचला तर गोष्ट देतात; अडखळलं तर शब्द, तेही जमले नाहीत तर अक्षरं. मूल आपल्याला जमेल त्या पायरीवर जाऊन थांबतं. काही मिनिटांत काम होतं. शिकवण्याच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी की नोंद ‘काय येतं’ याची होते. घरात ही पत्रिका वापरणाऱ्यांनी मात्र एक पथ्य पाळावं: ती भावंडांसमोर, पाहुण्यांसमोर घेऊ नये. धाकट्याने वाचलं आणि थोरला अडला की पुढचा महिनाभर थोरला पुस्तक हातात धरत नाही, हे शिकवणाऱ्या कुणालाही विचारा.

तिसरं कलम सर्वांत रूढ आहे, कारण त्याला शासकीय मुलामा मिळालेला आहे. लगेच पूर्ण वेळापत्रक लावा, राहिलेला अभ्यास अमुक दिवसांत भरून काढा. हा प्रयोग महाराष्ट्राने एकदा संबंध राज्यभर करून पाहिला आहे.

मार्च २०२० मध्ये राज्यातल्या शाळा बंद झाल्या. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ अशी घोषणा झाली, म्हणजे शिक्षण घरात आलं. पहिली ते चौथीचे वर्ग ग्रामीण भागात उघडले ते १ डिसेंबर २०२१ रोजी, आणि जानेवारी २०२२ मध्ये तिसऱ्या लाटेने पुन्हा काही दिवस बंद झाले. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेल्या मुलाने वर्ग पाहिला तो दुसरीचं अर्धं वर्ष सरल्यावर. या मुलांसाठी राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने सेतू अभ्यासक्रम आणला: दुसरी ते दहावी, १ जुलै ते १४ ऑगस्ट २०२१, एकूण ४५ दिवस. दिवसाला एक या हिशेबाने कृतिपत्रिका आणि मध्ये-मध्ये चाचण्या. मागच्या इयत्तेच्या महत्त्वाच्या क्षमता पक्क्या करून चालू इयत्तेत जायचं, अशी योजना.

हेतूबद्दल माझी तक्रार नाही, आणि ज्या शिक्षकांनी पायपीट करून त्या पत्रिका वाड्यावस्त्यांवर नेल्या त्यांचे आभारच मानले पाहिजेत. पण रचनेत दोन दोष होते आणि घरी शिकवणारे आज तेच दोष गिरवत आहेत. एक, पत्रिका तारखेप्रमाणे पुढे सरकत होती. मूल सरकलं की नाही हा प्रश्न तिच्यात नव्हता. दोन, ती फक्त एक इयत्ता मागे जात होती. तिसरीतल्या ज्या मुलाला अक्षरच ओळखू येत नव्हतं, त्याच्या हाती दुसरीची पत्रिका पडली. शिवाय त्या ४५ दिवसांत प्राथमिक शाळा बंदच होत्या. म्हणजे सेतू ओलांडायचा होता तो घरातच, ज्या आईने स्वतः कधी शिकवलेलं नाही तिच्या भरवशावर, आणि एका मोबाईलमध्ये तीन भावंडांची वाटणी करून. कॅलेंडर संपलं. अभ्यास झाला की नाही ते पुढच्या वर्षीच्या पाहण्यांनी दाखवलं.

याच्या शेजारी कायदा ठेवून बघा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं चौथं कलम शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवतं आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्क देतं. त्या प्रशिक्षणाचा कालावधी केंद्राच्या नमुना नियमांत किमान तीन महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षं असा आहे. कायदा लिहिणाऱ्यांना परतीला वेळ लागतो हे ठाऊक होतं. घाई मागाहून आली.

आणि घरी शिकणाऱ्या मुलाला ही घाई कुणासाठी? त्याला ना वार्षिक परीक्षा, ना वर्गोन्नती. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीची परीक्षा वर्षातून दोनदा होते. एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. राज्याच्या मुक्त विद्यालयातून पाचवी, आठवी आणि दहावीला बसता येतं. राज्य मंडळाच्या दहावीला १७ नंबरच्या फॉर्मची वाट आहे. घरी शिकण्याचा सर्वांत मोठा फायदा वेळेचा. तो फायदा घेऊन पुन्हा घरातच शाळेची घंटा टांगायची, तर मग मुलाला घरी ठेवलंच कशाला?

आता दुसऱ्या टोकाकडे. ‘मूल आपसूक शिकतं’ असं मानणारा एक पंथ आहे. अमेरिकेत जॉन होल्ट यांनी १९७७ साली शाळेविना वाढणाऱ्या मुलांसाठी मासिक काढलं. त्यांच्या मांडणीतलं बरंच काही आजही वाचण्याजोगं आहे. पण तिच्यातून निघालेला एक ठोकताळा आपल्याकडे फिरतो: शाळेत घालवलेल्या प्रत्येक वर्षामागे एक महिना मुलाला मोकळं सोडा. हा ठोकताळा, असलाच खरा तर, शाळा सोडून घरी आलेल्या मुलासाठी आहे. घरीच शिकणाऱ्या आणि वेचणीनंतर वहीकडे परतणाऱ्या मुलाला तो लावणं म्हणजे सुट्टीला आणखी एक सुट्टी जोडणं.

वेचणीच्या वहीने त्या मुलीची आकडेमोड टिकवली, हे मी वर सांगितलं. तिचं लेखन टिकवलं नाही, हेही सांगितलं. अपूर्णांक त्या वहीत नव्हते. भूगोल नव्हता. शेतात राहून मूल सगळं शिकतं असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं की शेत त्याला शेतापुरतंच शिकवतं. काट्यावरची तूट मुलीने काढली. ती तूट का आली, काटा कसा तपासतात, वजनमापाचा कायदा कुणाला विचारायचा, हे तिला कुणीतरी शिकवावंच लागेल. कष्टकऱ्यांच्या मुलांना ‘जीवनशिक्षणा’वर सोडून द्यायचं आणि आपली पोरं शिकवणीला पाठवायची, हा दुटप्पीपणा या राज्याने पुष्कळ पाहिला आहे.

सौम्य सुरुवात आणि कसून अभ्यास यांत वैर आहे असं दोन्ही टोकांची माणसं धरून चालतात. मराठी समाजातलं घरी शिकण्याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण या समजुतीला छेद देतं. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवलं ते आई लक्ष्मीबाईंनी. शाळा नाही, स्थिर घर नाही, पुढे तर कुटुंब तीर्थयात्रा करत वर्षानुवर्षं फिरत राहिलं. रमाबाईंच्या १८८७ च्या इंग्रजी पुस्तकाला रेचल बॉडली यांनी लिहिलेल्या प्रस्तावनेत त्या अभ्यासाचं वर्णन आहे. दिवसाची कामं सुरू होण्याआधी, पहाटे, आई झोपाळलेल्या मुलीला मायेच्या शब्दांनी उठवायची आणि पाठ तोंडी म्हणून घ्यायची. वेळ थोडा, आवाज मऊ, आणि काम रोजचं. त्यातून मुलीचे हजारो श्लोक मुखोद्गत झाले. त्याच विद्वत्तेच्या बळावर १८७८ साली कोलकात्याच्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. मायेने उठवल्यामुळे ती लाडावली नाही आणि अभ्यास कसून घेतल्यामुळे करपली नाही.

मग परतायचं कसं? माझं उत्तर फार साधं आहे आणि ते मुकुटबनच्या घरात जमण्याजोगं आहे.

पहिला आठवडा सकाळी एक तास, ऊन चढायच्या आत. त्यातला अर्धा वेळ मोठ्याने वाचन: पहिल्या दिवशी मोठ्यांनी वाचायचं आणि मुलाने ऐकायचं, मग आळीपाळीने. पुस्तक मुलाच्या इयत्तेपेक्षा सोपं असावं. सुट्टीआधी वाचलेलं, आवडलेलं असेल तर उत्तम. उरलेल्या वेळात पाढे आणि तोंडी हिशेब, तेही घरातल्या खऱ्या आकड्यांवर: चुकारा, किराणा, वणीचं बसभाडं. लेखन रोज तीन ओळी, जास्त नाही. लिहिणाऱ्या बोटांना सवय परत यायला दिवस लागतात. पहिल्याच दिवशी पानभर निबंध लिहायला लावला की मूल लेखनाचाच राग करतं. झोपेची वेळ मात्र पहिल्या रात्रीपासून ठरलेली हवी. सुट्टीत रात्री अकरापर्यंत जागलेलं मूल सकाळी सातला पाढे म्हणू शकत नाही, आणि आपण त्याला आळशी ठरवतो.

दुसऱ्या आठवड्यात वेळ दीड तासावर न्यावा आणि सुट्टीआधी जो धडा अर्धवट राहिला होता तिथून एकच विषय पुढे सरकवावा. त्याच आठवड्याच्या शेवटी तपासणी, वर सांगितली तशी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकेक विषय वाढवत नेहमीच्या वेळापत्रकावर यायचं. म्हणजे परतीला महिना लागतो. याला कुणी ढील म्हणत असेल तर त्याने एवढं पाहावं की या महिन्यात एकही दिवस रिकामा नाही. तास कमी आहेत, दिवस पूर्ण आहेत. पहिल्या दिवशी पाच तास आणि चौथ्या दिवशी रडारड, पाचव्या दिवशी ‘जाऊ दे, सोमवारपासून बघू’, हे वेळापत्रक कडक वाटतं, पण त्यात अभ्यासाचे दिवस मोजून पाहिले तर निम्मेही भरत नाहीत.

या भागात आणखी एक गोष्ट सांगणं भाग आहे. झरी जामणी तालुक्यात कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. केंद्राच्या यादीत विशेष दुर्बल आदिवासी गट म्हणून कातकरी आणि माडिया गोंडांबरोबर ज्यांचं नाव आहे, ते हे लोक. कोलामी ही द्रविड कुळातली भाषा. मराठीशी तिचं नातं नाही. पोडावरची मुलं शाळेत, आश्रमशाळेत शिकतात, आणि लांब सुट्टीत घरी आली की दिवसभर कोलामीत वावरतात. त्यांच्या बाबतीत खंड पडतो तो आधी भाषेत. सुट्टीनंतर अशा मुलाला मराठी उतारा वाचायला देऊन ‘विसरला’ असा शेरा मारणं अन्यायाचं आहे. त्याची मराठी थोडी मागे गेलेली असते, अक्कल नव्हे. त्याच्यासाठी पहिला आठवडा बोलण्याचा हवा. सुट्टीत काय केलं ते त्याने कोलामीत सांगावं, मग मराठीत, मग त्यातली तीन वाक्यं फळ्यावर यावीत. हे काम पोडावरची शिकलेली ताई किंवा दादा कुठल्याही छापील पत्रिकेपेक्षा चांगलं करू शकतात. त्यांना त्यासाठी मानधन मिळायला हवं.

शेवटचा आक्षेप मला गावातूनच येतो. होमस्कूलिंग हे शहरातल्या सुखवस्तू लोकांचं खूळ, आपल्या भागात त्याचं कौतुक केलं तर सरकारला आयतं निमित्त मिळेल, ‘घरी शिका’ म्हणून जिल्हा परिषदेची शाळा बंद करतील. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. २०२३ साली २० पेक्षा कमी पट असलेल्या १४,७८३ शाळांचा विषय निघाला होता आणि त्यांच्या जागी समूहशाळांचा प्रस्ताव पुढे आला होता. पोडावरच्या सात मुलांची शाळा उठली तर त्या मुलांना कुणी घरी शिकवणार नाही. ती थेट शिक्षणाबाहेर जातील. म्हणून माझी भूमिका स्पष्ट आहे. घरी शिकणं हा ज्यांना झेपतो त्यांचा निवडलेला मार्ग असावा. सरकारने ढकललेला मार्ग तो कधीच होऊ नये.

पण याच कारणाने घरातल्या शिकवण्याकडे पाठ फिरवणंही परवडणारं नाही. शाळेत जाणारं मूलही वर्षातला मोठा काळ घरी असतं, आणि खंड पडतो तो घरात. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या डोंगरावर गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांच्यावर शेरे मारण्याऐवजी त्यांनी शिक्षणच कुरणात नेलं. घरी शिकवणारी आई आणि जिल्हा परिषदेचा गुरुजी, दोघांनीही यातून घेण्याजोगं काही आहे: मूल जिथे आहे तिथून सुरुवात.

तेव्हा घरी शिकवणाऱ्यांना माझं सांगणं असं. या वर्षी वेचणी संपली की मुलाला पहिल्या दिवशी प्रश्नपत्रिका देऊ नका. त्याने सुट्टीत काय केलं ते विचारा, त्यातला हिशेब त्याच्याकडून करून घ्या, आणि तासाभरात उठा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा बसा. शिक्षकांनाही तेवढंच मागणं आहे: वेचणीहून परतलेल्या मुलाचं नाव गैरहजरांच्या यादीत वाचण्याआधी त्याला एक पान वाचायला द्या आणि पंधरा दिवस थांबा. चाचणी त्यानंतर घ्यावी. त्याआधी घेतलेल्या चाचणीतून फक्त मोठ्यांचा उतावीळपणा मोजला जातो.